पांढरा साका

फेब्रुवारीतली रविवारची सकाळ. उंटवाडीजवळ नासर्डीच्या पात्रातल्या खडकावर मी आणि बारावीतल्या दोन मुली उकिडव्या बसलेलो, एकीच्या हातात काचेची 300 मिलीची बाटली. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची ही जुनी पद्धत, विंकलरची म्हणतात, मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते त्यामुळे हाताला सवय आहे. बाटली पाण्याखालीच भरायची, एकही बुडबुडा आत राहू द्यायचा नाही नाहीतर बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन मोजला जातो. मग मँगनीज सल्फेट 2 मिली, मग अल्कली-आयोडाइडचं द्रावण 2 मिली, बूच लावायचं आणि बाटली उलटीसुलटी करायची. ऑक्सिजन असेल तर आत तपकिरी साका धरतो, आणि जितका ऑक्सिजन जास्त तितका तो गडद.

आमच्या बाटलीत पांढरा साका आला. मळकट पांढरा, तांदळाच्या धुवणासारखा, हळूहळू खाली बसत गेला.

"मॅडम, केमिकल एक्स्पायर झालंय का?" एकीने विचारलं. मलाही क्षणभर तेच वाटलं. म्हणून मग आमच्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी, घरच्या नळाचं म्हणजे गंगापूर धरणाचंच, दुसऱ्या बाटलीत भरलं, तीच द्रावणं, तेवढीच. हलवता हलवताच तपकिरी झालं. केमिकल चांगलं होतं. नदीत ऑक्सिजन नव्हता. थोडासुद्धा नव्हता.

त्याआधी दीड वर्ष मी दर रविवारी नासर्डीच्या काठावर जात होते. आमचा ग्रुप आहे, कॉलनीतले काका-काकू, कॉलेजची मुलं, दोन डॉक्टर, एक रिक्षावाले दादा. हँडग्लोव्ह्ज घालायचे, गोणी घ्यायची, आणि प्लॅस्टिक, थर्माकोल, फ्रेम केलेले देवांचे फोटो, उशा, चपला, निर्माल्याच्या गाठी मारलेल्या पिशव्या, सगळं उचलायचं. गोण्या भरल्या की रस्त्याच्या कडेला रचायच्या, घंटागाडी यायची. दोन तासांत काठ उजळून निघायचा, आणि घरी जाताना जो एक समाधानाचा थकवा असतो ना तो मला फार आवडायचा, अजूनही आवडतो. ते काम चुकीचं होतं असं मी अजिबात म्हणणार नाही. पण त्या पांढऱ्या साक्यानंतर मला झोप लागेना, कारण एवढ्या गोण्या उचलूनही पाण्यात काहीच बदललेलं नव्हतं. प्लॅस्टिक डोळ्याला दिसतं म्हणून आपण तेच उचलतो. नदीला मारणारी गोष्ट पाण्यात विरघळलेली असते, ती गोणीत भरता येत नाही.

नासर्डीबद्दल बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. नाशिकमध्ये गंगा म्हणजे गोदावरी, आमच्याकडे जुनी माणसं "गंगेवर जाऊन येते" असंच म्हणतात. तिला शहरात येऊन मिळणाऱ्या पोरी बऱ्याच आहेत, वाघाडी आहे, सरस्वती आहे जी आता जुन्या नाशकात रस्त्यांखालून जाते, तपोवनात कपिला आहे. नासर्डी त्यातली मोठी. त्र्यंबक रोडच्या बाजूच्या डोंगरांकडून येते, सातपूरच्या कारखानदारीशेजारून, मग उंटवाडी, तिडके कॉलनी, मुंबई नाका, पुणे रोडवरचा नासर्डी पूल, आणि आगरटाकळीला गोदावरीला मिळते. कागदावर तिचं नाव नंदिनी आहे, पुलांवर पाट्यासुद्धा नंदिनीच्या लागल्यात. बोलताना मात्र बहुतेक लोक तिसरंच म्हणतात, नाला. "नाल्याच्या पलीकडे राहतो", "नाला आला, काच वर घे". मी स्वतः लग्न होऊन सिडकोत आले तेव्हा किती वर्षं मला ती नदी आहे हे माहीतच नव्हतं.

आणि गंमत म्हणजे नदी माहीत नव्हती पण गोष्ट लहानपणापासून माहीत होती. आजी मला टाकळीच्या मठात न्यायची, गोमय मारुतीच्या दर्शनाला. समर्थ रामदासांनी तिथे बारा वर्षं तपश्चर्या केली, पहाटे संगमावर जायचे आणि कमरेएवढ्या पाण्यात दुपारपर्यंत उभं राहून जप करायचे, अशी परंपरा सांगतात. आजी सांगायची की पाण्यातले मासे त्यांच्या पायांना टोचायचे, तरी ते हलायचे नाहीत. लहानपणी मला त्या गोष्टीत समर्थांचा निग्रह दिसायचा. त्या रविवारी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला एकदम मासे दिसले. मासे टोचत होते म्हणजे मासे होते, आणि मासे होते म्हणजे संगमाच्या त्या पाण्यात लिटरला निदान चार-पाच मिलिग्रॅम ऑक्सिजन होता. तो संगम म्हणजे गोदावरी आणि हीच नासर्डी. गोष्ट 400 वर्षांपूर्वीची, पण माझ्यासाठी ती पाण्याचा रिपोर्टच झाली.

आता ऑक्सिजन जातो कुठे ते सांगते, कारण हे कळल्याशिवाय पुढचं सगळं निरर्थक आहे. आपल्याकडच्या तापमानाला स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, बस एवढाच. आपल्या संडास-बाथरूमचं, मोरीचं पाणी नदीत आलं की त्यातली घाण खायला जिवाणू तुटून पडतात, आणि खाताना ते हा ऑक्सिजन वापरतात. लिटरमागे किती मिलिग्रॅम वापरतील त्याचा आकडा म्हणजे बीओडी. आंघोळीच्या घाटासाठी हा आकडा 3 च्या आत लागतो. घरातून निघालेल्या कच्च्या सांडपाण्याचा 200 ते 300 असतो. म्हणजे ओंजळभर ऑक्सिजन आणि पंगतीला अख्खं गाव. ऑक्सिजन संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात ज्यांना तो लागतच नाही, ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तोच तो सडक्या अंड्याचा वास, आणि तळाचा गाळ काळा पडतो. काच वर घे म्हणतो ना आपण, ते याच्यासाठी.

दुसरी गोष्ट, नदी ही शहराची सगळ्यात खालची जागा असते. ड्रेनेजचं पाणी उताराने न्यायचं म्हणून मोठ्या लाइनी नद्यांच्या काठानेच टाकतात. मग कुठे चेंबर तुंबलं, कुठे पंपिंगची लाइट गेली, की ते सगळं कुठे जाणार, शेजारीच नदी आहे. आगरटाकळीला आपल्याकडे मोठं मलजल शुद्धीकरण केंद्र आहे, तपोवनात आहे, लोक विचारतात मग घाण येते कुठून. केंद्रापर्यंत पाणी पोचलं तर केंद्र काही करेल ना! वाटेतच जे नदीत उतरलं त्याचं केंद्राला कळतसुद्धा नाही. (केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचंही आहेच, पूर्वी बीओडी 30 पर्यंत चालायचा, आता 10 च्या आत मागतात, जुन्या केंद्रांना ते झेपत नाही. पण तो वेगळा विषय.)

तर आम्ही ठरवलं, गोण्या चालू ठेवायच्या पण निम्म्या लोकांनी पाइप शोधायचे. मार्च-एप्रिलमध्ये पाणी सगळ्यात कमी असतं आणि तेव्हा खोटं बोलायला जागा नसते. नासर्डी पावसावरची नदी, उन्हाळ्यात तिच्यात स्वतःचं म्हणून पाणी जवळजवळ नसतंच, जे वाहतं ते आपलंच. पात्रातून वर वर चालत जायचं, प्रत्येक पाइपपाशी थांबायचं, वहीत लिहायचं, वाहतोय की कोरडा, वास कसला, फेस आहे का. सकाळी 7 ते 9 या वेळात गेलं की शहर अंघोळ करत असतं, त्यामुळे कुठला पाइप घरांचा आहे ते लगेच ओळखू येतं, शाम्पूचा वास येतो. खरंच येतो.

आमच्या भागातला एक पाइप माझ्या मनातून जाईना. 2 फुटी सिमेंटचा, पावसाळी गटारीचा, म्हणजे पावसाचं पाणी सोडून त्यातून काहीच यायला नको. ड्रेनेजचं काम करणारे एक भाऊ ओळखीचे झाले होते, 20 वर्षं चेंबरमध्ये उतरतायत, त्यांना दाखवला. ते काठावर उभं राहून नुसतं बघत होते, मग म्हणाले, "मॅडम, लाइन पावसाळी आहे पण बारा महिने वाहती." त्यांनीच सुचवलं की वरच्या बिल्डिंगांच्या चेंबरमध्ये रंग टाकून बघा. मी कॉलेजच्या लॅबमधून परवानगी काढून फ्लुओरेसीन आणलं, चिमूटभर पावडर बादलीभर पाण्यात टाकली तरी झगझगीत हिरवं होतं. एका जणाने एकेका बिल्डिंगमध्ये जाऊन बाथरूमच्या चेंबरमध्ये बादली ओतायची, आम्ही खाली पाइपाच्या तोंडाशी घड्याळ लावून. पहिल्या दोन बिल्डिंगांना काही नाही. तिसरीला 12 मिनिटांनी त्या काळ्या पाण्यात एक हिरवा धागा आला. आधी धागा, मग रिबिनीसारखा पट्टा, मग अख्खं पाणी हिरवं. कोणीच बोललं नाही. आपण काहीतरी पकडलं याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला पोटात कालवल्यासारखं झालं, कारण त्या बिल्डिंगमध्ये मी हळदीकुंकवाला जाते.

एकूण पाच बिल्डिंगा निघाल्या. आणि यात कोणी खलनायक नाही हे मला मुद्दाम सांगायचंय. झालं होतं असं की बऱ्याच वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात गल्लीतली ड्रेनेज लाइन बसली, पाणी पार्किंगमध्ये यायला लागलं, लहान मुलं, म्हातारी माणसं घरात, तेव्हा कोणीतरी प्लंबर बोलावून शेजारच्या पावसाळी चेंबरला भोक पाडून जोडून टाकलं. तात्पुरतं. हा शब्द मी नंतर आम्ही पाइप शोधत चाललो त्या दोन किलोमीटरमध्ये इतक्या वेळा ऐकला. नदीत येणारी निम्मी घाण या तात्पुरत्यातून येते असं माझं मत झालंय. मुद्दाम नदी नासवायला कोणी निघत नाही, पाऊस ओसरला की नीट करू असं ठरतं आणि मग पाऊस ओसरतो, वास येत नाही, सोसायटीची कमिटी बदलते, ज्याला माहीत होतं तो फ्लॅट विकून मुलाकडे पुण्याला जातो.

मीटिंगा तीन झाल्या. पहिलीत एक काका मला म्हणाले, "ताई, अख्खं शहर सोडतंय, आपल्या पाच बिल्डिंगांनी काय फरक पडणार?" प्रश्न चुकीचा नव्हता, आणि मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या मीटिंगला मी बाटल्याच घेऊन गेले. टेबलावर पेपर अंथरला, एका बाटलीत त्यांच्या नळाचं पाणी, एका बाटलीत खालच्या पाइपापासचं, सगळ्यांसमोर द्रावणं घातली. एक तपकिरी, एक पांढरी. दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि मी बाजूला झाले. बराच वेळ गेला आणि मग मागे बसलेल्या एक आजी उठून आल्या, चष्मा वर करून त्यांनी दोन्ही बाटल्या हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ह्यात बेडूकसुद्धा जगायचा नाही?" मी म्हटलं, नाही आजी. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी इथून बेडकांनी झोपू दिलं नाही." तिसऱ्या मीटिंगला वर्गणी ठरली. ते काकाच हिशोब बघायला तयार झाले, आणि त्यांनी शेवटपर्यंत चोख बघितला.

मग परवानग्या, मग रस्ता फोडायचा प्रश्न, तोपर्यंत जून लागला आणि पावसाळ्यात रस्ता फोडता येत नाही. थांबलो.

पावसाळ्याच्या आधी एक गोष्ट घडली ती सांगायला हवी. मे महिन्यात नदीत शेकाटे आले. शेकाट्या म्हणजे काळ्या-पांढऱ्या रंगाचा, लांबच लांब गुलाबी पायांचा पक्षी, पाण्यात चालायला लागला की नजर हलत नाही. ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला, नदी जिवंत होतेय, पक्षी परत आले, मीही हार्ट टाकलं. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घेऊन काठावर बसले आणि तो खातोय काय ते बघत राहिले. चोच गाळात घालून तो लाल लाल काहीतरी ओढत होता. नंतर मी काठीने थोडा गाळ वर काढला तर त्यात केसासारख्या बारीक लाल अळ्या, शेकड्याने, वळवळत. त्या लाल असतात कारण त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, जिथे ऑक्सिजन जवळजवळ नाही तिथेही जो काही मिळेल तो धरून ठेवायला. म्हणजे शेकाट्याला आमची नदी आवडली होती ती घाण होती म्हणूनच. पक्षी आला की नदी सुधारली असं नसतं, कोण आला ते बघावं लागतं. खंड्या मासा खातो, तो एका जागी रोज बसायला लागला तर मी विश्वास ठेवीन.

नदी सुधारणं म्हणजे काय यावर आमच्यात भांडणंही होतात, चांगली भांडणं. एका बाजूला लोकांना काठाला दगडी भिंत हवी, जॉगिंग ट्रॅक, कारंजं, लाइट. मला कळतं ते, मुलांना फिरायला जागा कुठे आहे. दक्षिण कोरियात सेऊलला हायवे पाडून त्याच्या खालचा ओढा 2005 मध्ये मोकळा केला, त्याचे फोटो दरवेळी कोणीतरी टाकतंच, आणि सुंदरच आहे ते. पण त्यातलं बहुतेक पाणी रोज पंपाने हान नदीतून उचलून आणून सोडतात हे फोटोत दिसत नाही. आपल्याला ते परवडणारंही नाही आणि मला ते हवंही नाही. त्यापेक्षा जवळचं उदाहरण छत्रपती संभाजीनगरच्या खाम नदीचं, तिथे गेल्या काही वर्षांत महापालिका आणि लोकांनी मिळून काम केलंय, आपल्यासारखंच शहर, आपल्यासारखाच काळा दगड, ते जाऊन बघण्यासारखं आहे.

भिंतीबद्दल माझं मत पक्कं आहे. नदीच्या काठाला नुसती माती नसते, तिथे लव्हाळा असतो, पाणकणीस असतं, उंबर, करंज, जांभूळ, त्यांच्या मुळांमध्ये पाणी मुरतं, जिरतं, गाळलं जातं, आणि पावसाळा संपल्यावर तेच पाणी हळूहळू पात्रात झिरपत राहतं. दिवाळीनंतर नदीत जे तिचं स्वतःचं पाणी असतं ते तिथून येतं. काठ सिमेंटने बंद केला की हे सगळं बंद. गोदावरीत रामकुंडाच्या परिसरात जुन्या कुंडांच्या तळाला काँक्रीट केलं आणि मग ते काढा म्हणून नाशिककरांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं, जिवंत झरे खाली अडकलेत म्हणून. एवढं शिकून परत नासर्डीला तेच करायचं का? आणि पूर आला की भिंत नदीला थांबवत नाही, ती पुढच्या वस्तीत जोराने पाठवते. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांच्या पुराची, नकाशावर दोन्ही आहेत. 2016 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा नाशिकने बघितलंय पाणी काय करतं.

जूनच्या पहिल्या पावसात आम्ही उत्साहाने पाणी तपासलं आणि ते फेब्रुवारीपेक्षा वाईट निघालं, रस्त्यावरचं, गटारातलं साठलेलं सगळं एकदम धुऊन आलं होतं. जुलैत मात्र नदी भरून वाहत होती आणि बाटली तपकिरी आली, सगळे ओरडले, मी मात्र गप्प होते, कारण तो पावसाचा ऑक्सिजन होता. नदीला वर्षातून चार महिने शहर विसरायला मिळतं, एवढाच त्याचा अर्थ.

नोव्हेंबरमध्ये रस्ता फोडला. ते ड्रेनेजवाले भाऊ स्वतः आले होते, त्यांनी जुनं भोक विटा-सिमेंटने बंद केलं आणि पाच बिल्डिंगांची लाइन मूळ ड्रेनेजला जोडली. काम चार दिवसांचं होतं. याच महिन्यात वरच्या अंगाला एक चेंबर कित्येक महिने ओसंडत होतं तेही उपसलं गेलं, आमच्या अर्जांमुळे की त्यांच्या वेळापत्रकाने ते माहीत नाही, झालं हे महत्त्वाचं. शेवटच्या दिवशी आम्ही खाली पाइपाच्या तोंडाशी उभे होतो. धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबलं. पाइपाचं तोंड कोरडं व्हायला तीन दिवस लागले.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी थंडी होती, पाण्यावरून वाफ निघत होती. त्या दोन मुलींपैकी एक आता इंजिनियरिंगला गेलीय, दुसरी इथेच बीएस्सीला आहे, ती आली होती. तिने तोच खडक निवडला. त्याच्या जरा वर काळ्या दगडाची एक पायरी आहे, पाणी तिथून फूटभर खाली पडतं आणि पडताना हवा घेतं, आतापर्यंत घेतलेली सगळी पुढच्या दोन ढांगांत संपत होती. तिने बाटली भरली, द्रावणं घातली, बूच लावून उलटी केली. मी वहीत तारीख लिहीत होते, तिने काही न बोलता बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरली. पांढरा नव्हता. तपकिरीही म्हणता येणार नाही, दुधात चहाचे दोन थेंब पडल्यासारखा.

अ‍ॅसिड घालून तिथेच बाटली सील केली, लॅबमध्ये नेली. ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची काचेची नळी, तिने लावली, स्टार्च घातल्यावर फिकट निळा रंग आला, थायोसल्फेटचे थेंब तिने इतक्या हळू सोडले की मला राहवेना. निळा गेला तेव्हा वाचन 1.4 होतं, म्हणजे लिटरला 1.4 मिलिग्रॅम. माशाला पुरत नाही. बेडकाचं मला सांगता येणार नाही. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो आणि पावसाळ्याचं झिरपणारं पाणीही अजून होतं, त्यामुळे एप्रिलमध्ये हे टिकेल की नाही तेही तेव्हाच कळेल, आणि त्या जागेपासून अर्धा किलोमीटर खाली, जिथे पुढचा मोठा पाइप येतो, तिथे त्याच दिवशी साका पांढराच होता.

आमच्या वहीत या जागेच्या नावाचं एक पान आहे. फेब्रुवारीपासून पावसाळ्याचे महिने सोडले तर प्रत्येक तारखेपुढे "निरंक" लिहिलंय, माझ्याच अक्षरात, एकाखाली एक. तिने माझ्याकडून पेन मागून घेतलं.